बाळंतीण पळाली

बारशाच्या दिवशी दुपारी माधवनगरच्या घरात अश्लेषाच्या खोलीत बायकांची दाटी झाली होती, पण बाळाकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा अश्लेषाच्या छातीवर होत्या.

"डोकं दाबून धर गं तिचं," प्रतिभा म्हणाली. प्रतिभा अश्लेषाची आई. "अस्सं घट्ट. सोडूच नकोस."

"दाबू नको, गुदमरेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"बिटिया, आज जीरा फाँका कि नहीं?" शेजारच्या कल्पनाभाभींनी विचारलं. "हमारे टाइम पे तो ऐसी धार छूटती थी, पड़ोस तक जाती थी।"

"पडोसमध्ये तर आम्हीच राहत होतो," दारात खुर्ची टाकून बसलेली अक्का म्हणाली. "आमच्यापर्यंत काही आलं नाही बुवा."

बायका खिदळल्या. त्या आवाजाने बाळ दचकलं, तोंड बाजूला करून तारस्वरात रडायला लागलं, आणि अश्लेषाने डोळे मिटून घेतले. बाळाने तोंड लावलं की कळ थेट पायाच्या बोटांपर्यंत जायची. दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या. दूध नव्हतं असंही नाही. छाती भरून दगडासारखी टणक झाली होती, रात्रंदिवस ठणकत होती. पण आतलं दूध बाळाच्या तोंडात काही जात नव्हतं. बाळ चोखायचं, थकायचं, झोपायचं आणि उठून परत भोकाड पसरायचं.

आदल्या दिवशी बाळांच्या डॉक्टरांनी वजन केलं, काट्याकडे पाहिलं, परत एकदा केलं. "जन्मल्यावर थोडं उतरतंच, पण आतापर्यंत भरून यायला हवं होतं," ते म्हणाले. "लंगोट किती वेळा ओले होतात?" अश्लेषाने सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. नानाखेड्याला श्रुती नावाच्या एक बाई बसतात, बाळाला पाजायचं कसं ते शिकवतात, त्यांना लगेच दाखवा, म्हणाले. श्रुतीबाईंना फोन केला, तर दुसऱ्या दिवशी दुपारी या, त्यानंतर मी आठवडाभर भोपाळला आहे, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणजे आज. बारशाच्या दिवशी.

"पाजायला शिकवणारी बाई?" प्रतिभा तेव्हा म्हणाली होती. "उद्या श्वास घ्यायला शिकवणारी निघेल. आणि सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण उंबरठा ओलांडत नाही आमच्यात. अळिवाची खीर खा, शतावरी घे, येईल दूध."

खीर खाऊन खाऊन अश्लेषाच्या स्वप्नात अळीव यायला लागले होते.

"चलो, चलो, डब्बा खाली करो," अक्का खुर्चीतून उठली. अक्का ही अश्लेषाच्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, उभी हयात रतलाम लाइनवर टीसी म्हणून काढली. काळा कोट गेला, पण आवाज राहिला. "बाळाला झोपवायचंय. ज्यांना दूध येतं त्यांनीच थांबा, बाकीच्या बाहेर."

"अक्का, तुम्हाला यातलं काय कळतं?" प्रतिभा कुरकुरली.

"काही कळत नाही. म्हणूनच मी गप्प बसू शकते. तू बस बघू."

प्रतिभाला गप्प बसणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. बाकीच्या तिच्यामागून गेल्या. खोली रिकामी झाली असं वाटतंय तोवर दारात शैलाबाई उभ्या राहिल्या.

अश्लेषाने पदर ओढून घेतला. शैलाबाई म्हणजे सासूबाई. ग्वाल्हेरच्या दरबारात सात पिढ्यांपूर्वी कुणीतरी कारभारी होतं, ते अजून त्यांच्या घरात कारभार बघत असल्यासारखं सासरे भय्यासाहेब बोलायचे, आणि शैलाबाई मोजकंच बोलायच्या. बाळंतपणापासून त्या दोनदा येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा बाळाला बघून, अश्लेषाला बघून, काही न बोलता निघाल्या होत्या. आजही येताना त्यांनी भैरवगढच्या छापाची दोन सारखी दुपटी आणली होती आणि बारशाचा मुहूर्त ग्वाल्हेरच्या गुरुजींकडून काढून आणला होता.

त्यांनी दार लावून घेतलं.

"ती नानाखेड्याची बाई कधी भेटते?"

"आत्ता. म्हणजे... भेटली असती, आई. मम्मी नाही म्हणाली."

"मग बसलीस काय? चप्पल घाल."

अश्लेषा पलंगावरून उतरून चप्पल शोधू लागली.

"आल्हाद मागच्या गल्लीत गाडी घेऊन उभा आहे. त्याला सांगितलंय, पेढे कमी पडलेत. अक्का, तुम्ही—"

"मी काही बघितलं नाही," अक्का म्हणाली. तोवर तिने कोपऱ्यातला वरवंटा उचललाही होता. पाळण्याभोवती फिरवायचा म्हणून प्रतिभाने त्याला सकाळीच झबलं-टोपडं घालून नटवून ठेवलं होतं. अक्काने त्याला भैरवगढचं एक दुपटं गुंडाळलं, पाळण्यात निजवलं, वर मच्छरदाणी ओढली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "बापावर गेलंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दुपट्यात खरं बाळ घेऊन सासू आणि सून मोरीच्या बाजूच्या दाराने बाहेर पडल्या.

*

"पेढ्यांसाठी अश्लेषा कशाला?" आल्हादने आरशातून विचारलं. मग बाळ दिसलं. "आणि ही कशाला?"

"नानाखेडा. चल," शैलाबाई म्हणाल्या.

आल्हाद इंदूरला नोकरी करत होता आणि शनिवार-रविवारी बाप होता. त्याने निमूट गाडी सुरू केली. कोपऱ्यावर पोहे-जलेबीच्या गाडीपाशी ट्रॅफिक अडलं. बाळ अश्लेषाच्या कुशीत मुठी चोखत होतं.

"आई, तुम्हाला वाटतं ना, माझ्यातच काहीतरी कमी आहे?" अश्लेषाने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "तुम्ही नेहमी बघून काही न बोलता जाता, म्हणून."

शैलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुझ्या खोलीत सगळे बोलत होते. अजून मी कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "आल्हादच्या वेळी माझं दूध गेलं. पंधरा दिवसांतच गेलं. माझ्या सासूबाईंनी सगळ्या ग्वाल्हेरला सांगितलं, सुनेला भरपूर आहे. कुणी आलं की मला पडद्याआड पाजायला बसवायच्या. मी पडद्याआड बसून त्याला बाटली द्यायचे. चुरचुर आवाज यायचा, बाहेरच्या बायका म्हणायच्या, वा."

आल्हादने करकचून ब्रेक मारला. मागच्या ई-रिक्षावाल्याने शिवी हासडली.

"मी डब्याच्या दुधावर वाढलो?"

"पुढे बघ."

"पण बाबा तर दरवेळी सांगतात, आमच्या घराण्यातली मुलं आईच्या—"

"भय्यासाहेबांना अजून माहीत नाही," शैलाबाई म्हणाल्या. "आणि तुझी तब्येत बरी आहे. हिरवा लागलाय, चल."

अश्लेषा हसली. हसताना छाती ठणकली, तरी हसली.

*

इकडे प्रतिभा खिरीचा वाडगा घेऊन खोलीत आली तेव्हा अक्का पाळण्याची दोरी ओढत बसली होती.

"अश्लेषा कुठंय?"

"न्हाणीघरात."

प्रतिभाने न्हाणीघराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. तिने मच्छरदाणी वर केली, दुपटं बाजूला केलं, आणि तिच्या हातातली खीर अर्धी सांडली.

"अक्का!"

"हळू. उठेल."

"अक्का, हा वरवंटा आहे!"

"मला दिसतंय. तूच नटवलायस, छान झालाय."

"माझी मुलगी कुठंय? कुणी नेली?"

"विहीणबाईंनी. नानाखेड्याला."

प्रतिभा मटकन पलंगावर बसली. राग आधी आला की आधी अपमान वाटला, तिला कळेना. शैलाबाईंनी! म्हणजे त्यांच्या डोक्यात तेच होतं. प्रतिभाच्या मुलीला दूध नाही, प्रतिभाला मुलीचं बाळंतपण करता येत नाही. इतके दिवस ती पहाटे उठून शतावरी उकळत होती, अळीव भिजवत होती, लाडवांसाठी डिंक तळताना हात भाजून घेतला होता. आणि ही बाई येते, दोन दुपटी देते नि लेक पळवून नेते.

"मी आत्ताच्या आत्ता फोन करते," ती उठली.

तेवढ्यात दार उघडून कल्पनाभाभी आत आल्या, पाठोपाठ त्यांच्या दोन जावा. "बस एक झलक देख लें, भाभी! बिटिया नहीं है?"

अक्काने तोवर दुपटं सारखं करून मच्छरदाणी खाली ओढली होती.

"बिटिया नहा रही है," अक्का म्हणाली. "बच्ची सो रही है। दूर से।"

कल्पनाभाभींनी दुरूनच मच्छरदाणीतून पाहिलं. "अरे वा! कितनी शांत! पेट भरा हुआ है, तभी तो। अभी तक तो रो-रो के मोहल्ला सिर पे था।" मग त्यांना राहवेना. अक्काने हात धरायच्या आत त्यांनी पाळण्याखाली तळवा घालून अंदाज घेतला. "और वज़न तो देखो! भाभी, क्या दूध पिलाया है! डॉक्टर झूठ बोलते हैं सब।"

"अळिवाची खीर," प्रतिभा म्हणाली. तिला स्वतःलाच कळलं नाही ती असं का म्हणाली.

"मैं अपनी बहू को भी यही खिलाऊँगी!"

भाभी बाहेर गेल्या. अक्काने पदर तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदागदा हलत होते. प्रतिभा तिच्याकडे रागाने बघणार होती, पण तिची नजर पाळण्याकडे गेली. टोपडं घातलेला दगड शांत पडला होता. कौतुक करायला, वजन सांगायला, शांत म्हणायला लोकांना दगडही पुरत होता. आणि जिवंत लेकरू काल रात्रभर तिच्याच मांडीवर भुकेने रडलं होतं, तेव्हा तिने काय केलं होतं? अश्लेषाला म्हणाली होती, खीर संपव.

तिने वाडगा खाली ठेवून दिला.

*

श्रुतीबाई तशा लहानच होत्या, अश्लेषापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही. "रोज जशी पाजतेस तशी पाज," म्हणाल्या आणि स्टुलावर बसून बघत राहिल्या. अश्लेषाने बाळाचं डोकं धरून छातीवर दाबलं. बाळ चोखायला लागलं. तिने ओठ चावला.

"डोकं दाबायला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"तुझं डोकं दाबून कुणी तोंडात लाडू कोंबला तर?"

"कोंबतातच," अश्लेषा म्हणाली.

श्रुतीबाई हसल्या. करंगळी घालून त्यांनी बाळाला हलकेच सोडवलं. "कचोरी कशी खाता तुम्ही?" त्यांनी एकदम आल्हादला विचारलं.

"मी? आ करून."

"टोक कुरतडत नाही ना? ही बिचारी टोक कुरतडतेय. त्याने तुझी कातडी सोलते आणि हिच्या पोटात काही जात नाही. दूध आहे तुला, भरपूर आहे. छाती फार भरलीय म्हणून तिला तोंडात धरताच येत नाहीये."

आधी त्यांनी हाताने थोडं दूध काढायला शिकवलं, छाती मऊ होईपर्यंत. मग अश्लेषाला उशांना रेलून मागे कलायला सांगितलं, बाळाला तिच्या पोटावर आडवं घेतलं. पोटाला पोट. हात पाठीला आणि खांद्यांना, डोकं मोकळं. "आता घाई नाही. तिचं नाक समोर, आणि ती मोठा आ करेपर्यंत थांबायचं. हनुवटी आधी टेकली पाहिजे."

पहिल्यांदा जमलं नाही. बाळ चिडलं. दुसऱ्यांदा तोंड लागलं आणि पुन्हा तीच कळ आली; श्रुतीबाईंनी परत सोडवलं. अश्लेषाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आल्हाद दाराकडे बघत उभा होता, काय करावं ते न सुचून बाळाच्या पायाचा अंगठा धरून.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"आज नाही जमलं तर वाटी-चमच्याने तुझंच काढून द्यायचं. कमी पडलं तर डब्याचं. त्यात पाप नाही," श्रुतीबाई म्हणाल्या. "बाळ उपाशी ठेवायचं नाही, एवढंच. पण अजून एकदा बघू."

शैलाबाई पुढे आल्या. त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त अश्लेषाच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हात तिथेच ठेवला.

बाळाने नाक घासलं, मान मागे टाकली, आणि जांभई द्यावी तसा मोठा आ केला.

कळ आली. अश्लेषाने श्वास रोखला. मग ती कळ ओसरली. ओढ होती, पण सोलणं नव्हतं. खोलीत एक बारीक आवाज आला. घुट्. मग थांबून, घुट्.

"ऐक," श्रुतीबाई कुजबुजल्या. "गिळतेय."

सगळे ऐकत राहिले. नेमका तेव्हा आल्हादचा फोन वाजला. भय्यासाहेब. शैलाबाईंनी फोन घेतला.

"कुठे आहात? मुहूर्ताची वेळ होत आली!"

"पेढ्यांच्या दुकानात. फार गर्दी आहे," शैलाबाई म्हणाल्या आणि फोन बंद केला. लगेच परत वाजला. या वेळी प्रतिभा होती. शैलाबाई क्षणभर फोनकडे बघत राहिल्या, मग कानाला लावला.

"प्रतिभाताई, रागवा नंतर. ती पितेय."

त्यांनी मान वळवून बाळाकडे पाहिलं.

"पहिल्यांदाच पितेय नीट. आत्ता निघालो तर मुहूर्त गाठू, पण काढावी लागेल मध्येच. तुम्ही सांगा. काढू?"

मुहूर्त शैलाबाईंनी स्वतः ग्वाल्हेरहून आणला होता. अश्लेषा त्यांच्याकडे बघत होती. फोनमधून बारशाच्या घरातला गलका ऐकू येत होता, भांडी, हसणं, कुणीतरी हार्मोनियम काढल्याचा आवाज.

"नको," प्रतिभा म्हणाली. "पिऊ द्या. मी इकडचं बघते."

*

प्रतिभाने इकडचं बघितलं ते असं, की तिने सगळ्या बायकांना पाळणा गायला बसवलं. एक संपला की दुसरा. माहीत असलेले संपले तेव्हा कल्पनाभाभींना सोहर, म्हणजे बाळजन्माची माळवी गाणी, म्हणायला लावली, आणि भाभींना एकदा गायला लावलं की थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. बाळाची आत्या ऋता नाव ठेवायला तयार होऊन उभी होती. तिला प्रतिभाने दिव्यासाठी वाती वळायला बसवलं.

भय्यासाहेबांचा मात्र धीर सुटला. बंद गळ्याचा रेशमी कोट घालून ते घड्याळाकडे बघत खोलीत शिरले. चष्मा बाहेर राहिला होता. पाळण्यावर वाकून त्यांनी बराच वेळ नातीला न्याहाळलं.

"रंग जरा आईकडचा आला," ते म्हणाले. "पण ठेवण आमची आहे. कणखर."

"अगदी," अक्का म्हणाली. "हलत सुद्धा नाही."

प्रतिभा हसली. आवरायचं म्हणून भिंतीकडे तोंड केलं, तरी हसू आवरेना. तिला आठवेना, अश्लेषा घरी आल्यापासून ती शेवटची कधी हसली होती.

मुहूर्त केव्हाच टळून गेला होता तेव्हा मोरीचं दार वाजलं. अश्लेषा आत आली. साडी चुरगळलेली, केस सुटलेले, ब्लाउजवर दुधाचे दोन मोठे डाग. खांद्यावर बाळ गाढ झोपलेलं, हात पाय सोडून, तोंड अर्धवट उघडं. मागे शैलाबाई, हातात पेढ्यांचा एकही पुडा नाही. मायलेकी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. प्रतिभाने बाळाकडे पाहिलं, मग डागांकडे पाहिलं.

"दुखलं का गं फार?" तिने विचारलं.

इतक्या दिवसांत हे तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. अश्लेषाने आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "एका बाजूला अजून दुखतं. परत जायचंय तिच्याकडे, वजन बघायला."

"मी येईन," प्रतिभा म्हणाली. शैलाबाईंकडे बघून, जरा फणकाऱ्यानेच, "आपण दोघी जाऊ. पुढच्या दाराने."

"पण पेढे?" बाहेरून भय्यासाहेबांनी हाक दिली.

"संपले होते दुकानात," शैलाबाई म्हणाल्या.

अक्काने पाळण्यात बाळ निजवलं आणि वरवंटा उचलून रीतीप्रमाणे पाळण्याभोवती फिरवायला बायकांच्या हातात दिला. कल्पनाभाभींनी तो घेतला, त्यांचे हात त्या वजनाने खाली आले, आणि त्या एकदम गाता गाता थांबल्या. त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं. अक्का छताकडे बघत होती.

मग ऋताने वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे ऋताच्या पाठीत धपाटे घातले. नाव काय ठेवलं ते ऐकायला भय्यासाहेब सर्वांत पुढे झाले, त्यांनी बाळाला मोठ्या मानाने दोन्ही हातांवर घेतलं, कोटाच्या छातीशी धरलं, आणि घराण्याविषयी चार शब्द बोलायला घसा खाकरला.

"आमच्या घराण्यात मुलं आईच्या दुधावर—"

बाळाने डोळे उघडले, तोंड वाकडं केलं, आणि रेशमी कोटावर गळ्यापासून तिसऱ्या बटणापर्यंत गुळणी टाकली.

भय्यासाहेबांचा चेहरा कोटासारखाच ताठ. मग दोन आवाज एकदम उठले, एक प्रतिभाचा नि एक शैलाबाईंचा.

"दूध!"

"दूध आहे! बघा, दूध!"

दोघी धावल्या. प्रतिभाने कोटाची कॉलर धरली, शैलाबाईंनी बाही धरली, आणि दोघी विहिणी त्या पांढऱ्या ओघळाकडे बघत रडत-हसत उभ्या राहिल्या. कुणी पुसायला फडकं आणलं तर त्याला शैलाबाईंनीच थांबवलं. पाहुण्यांना काही कळेना. आल्हाद मागे उभा राहून पोट धरून हसत होता. भय्यासाहेब बाळाला पुढे धरून तसेच उभे, कुणीतरी आपल्याला सोडवेल याची वाट बघत.

अश्लेषाने पुढे होऊन त्यांच्या हातांतून बाळ घेतलं. बाळाने दुधाळ ओठ चाटले, तिच्या गळ्यात नाक खुपसलं, आणि पुन्हा मोठा आ केला.

"चला, सरका सगळे," अश्लेषा म्हणाली. "भूक लागलीय हिला." आणि कुणाच्याही सांगण्याची वाट न बघता ती खोलीत गेली, उशा स्वतः लावल्या आणि आतून कडी घातली.